वीस पाहुणे, एक फ्रिज आणि कॉफीचा ग्राइंडर

प्रश्न थोडक्यात असा: मानपाड्याला टू बीएचके, मे महिन्यातल्या शनिवारी मिस्टरांचा चाळिसावा वाढदिवस, माणसं वीस-बावीस. बिर्याणी नऊला बाहेरून येणार. त्याआधी सात ते नऊ स्टार्टर्स, आणि ते सगळे थंडच हवेत, कारण पाहुणे आल्यावर गॅसपाशी उभं राहायचं नाही. जेवणानंतर दहा-बारा जणांना ‘जरा चांगली’ कॉफी द्यायची आहे, त्यासाठी सहा-सात हजारांपर्यंतचा ग्राइंडर घ्यायचा आहे. घरात स्टीलचा साउथ इंडियन फिल्टर आहे आणि भेट मिळालेली, कपाटातच राहिलेली फ्रेंच प्रेस (जाळीच्या दट्ट्याचं कॉफीचं भांडं). तर पदार्थ कोणते करू आणि ग्राइंडर कुठला घेऊ?

मी नौपाड्यातून घरगुती पार्ट्यांच्या ऑर्डरी घेते, आणि कॉफीचं वेड घरात आधीपासून आहे, म्हणून दोन्हींवर लिहिते. पण तुम्ही पदार्थांची नावं विचारताय आणि अडचण नावांची नाहीच. साडेसहा ते दहा या वेळात तुमच्याकडे हात दोन आणि फ्रिज एक. त्यात जे बसेल ते करायचं. ग्राइंडरचंही तेच. पार्टीसाठी ग्राइंडर घेऊ नका, रोजच्या कपासाठी घ्या. पार्टीची कॉफी आदल्या रात्रीच दळून भिजलेली असली पाहिजे. का, ते पुढे सांगते.

आधी फ्रिज. घरातला डबल डोअर फ्रिज अडीचशे-तीनशे लिटरचा असला तरी त्यातली निम्मी जागा दूध, भाजी, इडलीचं पीठ, लोणची यांनी आधीच अडवलेली असते. त्यामुळे पदार्थ ठरवण्याआधी एक काम करा. ज्या ट्रेमध्ये वाढणार आहात ते ट्रे रिकामेच फ्रिजमध्ये सरकवून बघा. दार लागतं का? बहुतेक घरांत मोठा गोल ट्रे आत जातच नाही, आणि हे शनिवारी संध्याकाळी सहाला कळतं. चौकोनी, झाकणाचे, एकावर एक बसणारे डबे आणि छोटे स्टीलचे ट्रे हेच खरं भांडवल. लोणची आणि सरबतांच्या बाटल्या दोन दिवस बाहेर काढून ठेवल्या तरी बिघडत नाहीत. शेजारच्यांच्या फ्रिजमधला एक कप्पा मागून घ्या, सोसायटीत राहण्याचा एवढा तरी उपयोग.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण नियम असा की ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. दही, पनीर, अंडी, उकडलेला बटाटा, चिकन असलं काही त्या पट्ट्यात एकूण दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मे महिन्यात ठाण्यात वीस माणसं एका हॉलमध्ये आली की एसी असूनही तुम्ही त्या एक तासाच्या हिशेबातच आहात असं धरा. आणि सातची वेळ दिली म्हणजे सातला कोणी येणार नाही. शनिवारची संध्याकाळ, घोडबंदर रोड, पहिला पाहुणा साडेसातला आणि शेवटचा पावणेनऊला. सात वाजता सगळं टेबलावर मांडलंत तर शेवटच्या पाहुण्याला कोमट दहीवडा मिळेल, आणि तो त्याने खाल्ला नाही तर बरंच.

म्हणून मी थंड पदार्थ कधीच एकदम मांडत नाही, फेऱ्यांनी काढते. तेवढ्याच पदार्थाचे तीन छोटे ट्रे करायचे. एक बाहेर, दोन आत. अर्ध्या-पाऊण तासाने बाहेरचा ट्रे उचलायचा आणि नवा ठेवायचा. उरलेल्या चार तुकड्यांवर नवे तुकडे रचायचे नाहीत, कारण मग कुठला तुकडा किती वेळ बाहेर आहे हे कोणालाच सांगता येत नाही. दह्याच्या पदार्थाखाली बर्फ हवा. एका परातीत बर्फ पसरून त्यात ट्रे बसवायचा, आणि तो स्टीलचाच हवा, मेलामाइनचा किंवा काचेचा नको, कारण स्टील खालची थंडी लगेच वर पोचवतं. बर्फासाठी बुधवारपासून रोज रात्री दोन सपाट डबे भरून फ्रीजरला लावा आणि सकाळी पिशवीत काढून ठेवा, शनिवारपर्यंत पुरेसा साठतो. दमट हवेत थंड ट्रेच्या बाहेरून पाणी सुटतं, तेव्हा परातीखाली जाड टॉवेल घाला, नाहीतर टेबलाचं पॉलिश जाईल.

आता पदार्थ. नऊला जेवण आहे, म्हणजे माणशी पाच-सहा तुकडे धरा, जास्त नको. वीस माणसांना सव्वाशेच्या आसपास. चार पदार्थ, प्रत्येकी तीसेक तुकडे. सात-आठ प्रकार करायचा मोह होईल, पण तेवढ्याला तुमच्या फ्रिजमध्ये जागा नाही.

तुमच्या जागी मी हे चार करेन. सुरळीची वडी, हिरव्या चटणीचं सँडविच, वाटीतला दहीवडा आणि चक्क्याच्या डिपबरोबर काकडी-गाजर. मुलं असतील तर चीज-अननस-चेरीच्या टूथपिक लावा. हसू नका, ऐंशीच्या दशकापासून सगळे त्याला नावं ठेवतात आणि प्लेट पहिली तीच रिकामी होते.

सुरळीच्या वडीचा फायदा असा की ती शुक्रवारी रात्री करून डब्यात ठेवता येते. फक्त फोडणी, खोबरं आणि कोथिंबीर शनिवारी काढायच्या वेळी. ओलं खोबरं उन्हाळ्यात फार लवकर आंबतं, ते वडीत गुंडाळून रात्रभर ठेवू नका. फोडणीही गार करून मग घाला, गरम ओतली तर वडीला घाम सुटतो.

सँडविचमध्ये सगळा खेळ पाण्याचा आहे. आधी दोन्ही स्लाइसना कडेपर्यंत मऊ लोणी, एक मिलिमीटरही ब्रेड उघडा नको. लोण्याच्या थरातून चटणीचं पाणी ब्रेडमध्ये उतरत नाही. चटणी वाटताना दोन चमचे डाळं घाला म्हणजे ती धरून राहते आणि ताटलीत पाणी सोडत नाही. लिंबू आणि दोन-तीन बर्फाचे खडे मिक्सरमध्येच टाका, रंग हिरवा राहतो, नाहीतर मिक्सरच्या उष्णतेने चटणी काळपट पडते. काकडी-टोमॅटो या सँडविचमध्ये घालू नका. ते स्टेशनबाहेर उभं राहून लगेच खायच्या सँडविचला ठीक, चार तास ठेवायच्या नाही. भरलेल्या सँडविचच्या कडा तशाच ठेवून, घट्ट पिळलेल्या ओल्या मलमलच्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा आणि कापा अगदी शेवटी. शनिवारी दुपारी तीननंतर भरा, शुक्रवारी नको. ब्रेड बाहेरच्यापेक्षा फ्रिजमध्ये लवकर शिळा आणि कडक होतो, चार-पाच तासांपुरता तो हे सहन करतो.

चक्का मेयोनेजच्या जागी घ्यायचा. दुकानातलं एगलेस मेयोनेज वापरलंत तरी चालेल, मला त्याची चव आवडत नाही एवढंच. घरी कच्च्या अंड्याचं मात्र करू नका. कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर तेलंगणाने २०२४ साली आणि तामिळनाडूने २०२५ साली वर्षभराची बंदी घातली होती, त्यामागे कारण होतं. चक्का टांगायचा तो नळाला नाही. मे महिन्यात नळाला रात्रभर टांगलेलं दही सकाळपर्यंत दात आंबवतं. पातेल्यावर चाळणी, चाळणीत फडकं, वर दही, त्यावर झाकण, आणि हे सगळं फ्रिजमध्ये. लसूण, भरडलेली मिरपूड, पुदिना, मीठ घालून शनिवारी सकाळी फेटा. काकडी-गाजराला आधी मीठ लावू नका, पाणी सुटतं. कापून ओल्या फडक्यात ठेवा.

दहीवडे वाटीतच का? कारण लोक उभ्याने खातात, एका हातात ग्लास असतो. चमच्याने तोडता येईल असा छोटा वडा, एका वाटीत एकच. वडे शनिवारी दुपारी तळा (म्हणजे गॅस आलाच, पण पाहुण्यांच्या आधी), कोमट पाण्यात भिजवून, तळव्यात दाबून गार करा आणि दह्यासकट बसू द्या. चिंचेची चटणी आणि शेव वाढताना. मीठ-साखर मात्र दही पूर्ण गार झाल्यावर पुन्हा चाखून बघा. गार पदार्थाची चव आणि वास दोन्ही दबतात. कोमट असताना बरोबर वाटलेलं दही फ्रिजमधून काढल्यावर पाणचट लागतं.

अळूवडी, कोथिंबीर वडी करून थंड वाढाव्यात असं वाटेल. नका करू. तळलेलं बेसन फ्रिजमध्ये चामड्यासारखं होतं. मोड आलेल्या मुगाची चाट हवी असेल तर मूग वाफवून मग गार करा. कच्च्या मोडांत जंतू वाढायला भरपूर वाव असतो, आणि पार्टीत गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस असतोच. शेवपुरी-दहीपुरी एकेक बनवून द्यावी लागते, त्यात तुम्ही स्वयंपाकघरात अडकाल, ती यादीतून काढाच.

आता ‘सगळं थंड’ या तुमच्या अटीबद्दल एक मतभेद नोंदवते. सासूबाई आणि त्यांच्या वयाची मंडळी दोन तास नुसतं गार खाऊन खूश होणार नाहीत, ‘काहीतरी गरम?’ हे येणारच. टोमॅटोचं सार सहाला करून मोठ्या स्टीलच्या थर्मासमध्ये भरून ठेवा, छोट्या कपांतून द्या. गॅस बंद, आणि सगळ्यात जास्त कौतुक बहुधा त्याचंच होईल.

आता कॉफी. तुमच्या मनातलं चित्र मला दिसतंय: जेवण झालं, ग्राइंडर फिरतोय, घरभर वास, एकेकाला ताजा कप. हिशेब करा. एका कपाला पंधरा-सोळा ग्रॅम बिया, हाताने दळायला मिनिटभर, मग कॉफी उतरायला तीन-चार मिनिटं, मध्ये भांडं धुणं. बारा कप म्हणजे पाऊण ते एक तास, तोही रात्री साडेदहाला, आणि पहिल्याचा कप संपून तो बूट घालत असताना बारावा अजून वाट बघतोय.

त्याऐवजी कोल्ड ब्रू करा. शुक्रवारी रात्री दीडशे ग्रॅम बिया जाडसर दळा, साधारण जाड रव्याएवढ्या, आणि १२०० मिली गार पाण्यात पातेल्यात भिजवून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. सोळा-अठरा तासांनी, म्हणजे शनिवारी दुपारी, आधी फ्रेंच प्रेसच्या जाळीतून आणि मग मलमलमधून गाळा. पूड स्वतःच्या दुप्पट पाणी पिऊन बसते, त्यामुळे नऊशे मिलीच्या आसपास घट्ट अर्क हाती येतो. ग्लासात निम्मा अर्क, निम्मं गार दूध किंवा पाणी, बर्फ. दीडशे मिलीचे बारा ग्लास झाले. बिर्याणीवर हे गरम कॉफीपेक्षा बरं लागतं असं माझं ठाम मत आहे. ज्यांना गरमच हवी त्यांच्यासाठी पाच वाजता फिल्टरला डिकॉक्शन लावून ठेवा आणि गरम दूध दुसऱ्या थर्मासमध्ये. झोप उडते म्हणून निम्मे लोक ‘नको’ म्हणतील, तेही धरून चाला.

मग ग्राइंडर घ्यायचा की नाही? हे तुम्ही रोज काय पिता यावर आहे. घरी चिकोरीवाली (कॉफीत भाजलेल्या मुळाची पूड मिसळतात ती) फिल्टर कॉफी पीत असाल आणि तीच आवडत असेल तर ग्राइंडर घेऊ नका, पैसे वाया. चिकोरी तयार दळलेलीच मिळते, ती हवेतला ओलावा ओढते आणि चिकट होते, ग्राइंडरच्या दात्यांत घालायची वस्तू नाही ती. माटुंग्याला किंवा जवळच्या दळून देणाऱ्या दुकानात जाऊन दोनशे-दोनशे ग्रॅम ताजी पूड आणत राहा. पाकिटावर चिकोरीचं प्रमाण लिहिणं बंधनकारक आहे, आणि मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावीच लागते. तेवढं वाचून घ्या.

पण चिक्कमगळूर-कोडगूच्या बिनचिकोरीच्या बिया मागवायच्या असतील, ती फ्रेंच प्रेस कपाटातून काढायची असेल, तर ग्राइंडर घ्याच, कारण दळलेल्या कॉफीचा वास दोन-तीन दिवसांत उतरतो आणि बियांचा महिनाभर टिकतो.

हजार-दीड हजारात मिळणारे ब्लेडचे ग्राइंडर म्हणजे छोटा मिक्सरच. तो घ्यायचा तर घरातल्या मिक्सरचं चटणीचं भांडं काय वाईट आहे? ब्लेडखाली काही बियांचं पीठ होतं आणि काही अर्ध्याच फुटतात. मग एकाच कपात पिठाचा कडवटपणा उतरतो आणि जाड कण्यांचा आंबट, अर्धवट रसही. बर ग्राइंडर हे जातं आहे: दोन दातेरी भाग, मधली फट ठरलेली, त्या फटीतून जाईल एवढाच कण खाली पडतो. खुंटी फिरवून फट कमी-जास्त केली की कॉफी बारीक-जाड. म्हणून पैसे मोटरला किंवा डिजिटल पडद्याला नाही, या दात्यांना मोजायचे.

तुमच्या बजेटमध्ये चांगला इलेक्ट्रिक बर ग्राइंडर शोधायला जाल तर दाते सुमार आणि मोटर चकचकीत असं काहीतरी पदरात पडेल. बराट्झा एन्कोरसारखे नावाजलेले इलेक्ट्रिक ग्राइंडर या बजेटच्या बरेच पुढे आहेत. तेवढ्याच पैशांत हाताने फिरवायचा, स्टीलच्या शंकूच्या आकाराच्या दात्यांचा ग्राइंडर मात्र खरोखर चांगला येतो. टाइममोर सी२ हे नाव तुम्ही ऐकलं असेल, त्याच वर्गातले इतरही आहेत. घेताना मी एवढंच बघते. हँडल काढून मधला दांडा बोटांनी हलवायचा. तो वर आणि खाली दोन्हीकडे बेअरिंगमध्ये बसलेला असेल तर हलत नाही. स्वस्त सिरॅमिक दात्यांच्या बऱ्याच ग्राइंडरमध्ये तो खालच्या टोकाला मोकळा असतो, आणि जाड दळताना डगमगतो. नेमकं फ्रेंच प्रेसला आणि कोल्ड ब्रूला जाडच लागतं. दुसरं, भांड्यात किती मावतं. या वर्गात बहुधा वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे एका वेळी जेमतेम दीड कपापुरतं. दीडशे ग्रॅमला सहा ते आठ वेळा भरावं लागेल, पण शुक्रवारी रात्री टीव्हीसमोर बसून, आणि ते काम उत्सवमूर्तींना द्या.

मिस्टर पुढे-मागे एस्प्रेसो मशीन घेणार असतील तर थांबा, कारण तिथे गणित बदलतं. एस्प्रेसोला फार बारीक आणि केसभर फरकाने जुळवता येईल असं दळण लागतं, या ग्राइंडरची फट एका खाचेने बदलली तरी कॉफी एकतर भसाभसा उतरते नाहीतर अडून बसते. अशा वेळी आत्ता पैसे घालू नका, मशीनबरोबरच विचार करा.

साउथ इंडियन फिल्टरसाठी बिनचिकोरीची कॉफी घरी दळणार असाल तर दुकानातल्या पुडीपेक्षा थोडी बारीक दळा. चिकोरी पाणी धरून ठेवते, ती नसली की पाणी भरभर खाली जातं आणि डिकॉक्शन पातळ येतं.

दळल्यावर भुसा ग्राइंडरच्या भांड्याला आतून चिकटतो आणि उडतो, विशेषतः एसीच्या खोलीत. बियांवर पाण्याचा एकच थेंब टाकून चमच्याने हलवा, मग दळा. ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये याचा अभ्यास केला, त्यात बियांतला ओलावा वाढला की दळताना तयार होणारी स्थिर वीज कमी होते असं दिसलं. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत त्या थेंबाची गरज पडत नाही. उलट तेव्हा बिया हवाबंद डब्यात, थोड्या-थोड्याच काढायच्या. भाजल्याची तारीख छापलेलं पाकीट घ्या, तेलाने चमकणाऱ्या काळ्याकुट्ट बिया टाळा, त्या दात्यांना लेप देतात. साफसफाई ब्रशने, कोरडी. मिक्सर साफ करायला फिरवतात तसा कच्चा तांदूळ त्यात फिरवू नका, काही कंपन्या तसं स्पष्ट मना करतात.

ग्राइंडर पार्टीच्या आठवडाभर आधी तरी घरी येऊ द्या. नव्या दात्यांवर कारखान्यातलं तेल आणि धातूची बारीक पूड असू शकते, तेव्हा पहिले वीस-तीस ग्रॅम स्वस्त बियांचे दळून टाकून द्या. मग रोज सकाळी फ्रेंच प्रेसला थोडं जाड, थोडं बारीक करून बघा. तुमच्या जिभेला कुठल्या खाचेवर जमतंय ते डब्याच्या झाकणावर पेन्सिलने लिहून ठेवा.